ग्लोबल वॉर्मिंग खरं की युरोपची चाल? काकांना काय उत्तर देऊ

शिरोली फौंड्री
नमस्कार मंडळी, विषय जरा हार्ड आहे पण इथं अभ्यासू माणसं दिसतात म्हणून विचारतो. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, मी आणि काका बघतो, इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर, सीआय आणि एसजी (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) कास्टिंग. पुण्याचा एक कस्टमर आमचा माल मशिनिंग करून जर्मनीला पाठवतो, त्याच्याकडनं परवा एक एक्सेल शीट आली, टनामागं कार्बन किती, वीज किती युनिट, पिग आयर्न (कच्चं लोखंड) कुठनं घेता, स्क्रॅप किती टक्के, सगळं भरून द्या नाहीतर पुढच्या ऑर्डरचं बघू म्हणे. काकांनी ती शीट बघितली आणि जे सुरू झालेत ते अजून थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं ग्लोबल वॉर्मिंग हे सगळं थोतांड, दोनशे वर्षं कोळसा जाळून गोरे श्रीमंत झाले आणि आता आपल्या चुलीतल्या राखेचा हिशोब मागायला लागलेत.

आता गंमत अशी की हेच काका जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली की म्हणतात, हवामानच बदललंय रे, पूर्वी असा पाऊस नव्हता. मी म्हटलं काका काहीतरी एक ठरवा. तर ते चिडले.

तर माझे प्रश्न दोन. शास्त्रज्ञांच्यात ह्याच्यावर खरंच वाद आहे का, का ते मिटलेलं आहे आणि फक्त व्हॉट्सॲपवर चालू आहे? आणि दुसरं, खरं असलं तरी बिल आपण का भरायचं? राजकारण नको प्लीज, मागच्या अलमट्टी धरणाच्या धाग्यावर काय झालं ते सगळ्यांना माहितीय.

पेठेतला पैलवान
काका बरोबर आहेत भावा. हवामान कायम बदलतंच. हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा काय शिरोली एमआयडीसी होती? हजार वर्षांपूर्वी युरोपात गरम होतं, नंतर इतकी थंडी पडली की लंडनची नदी गोठायची आणि लोक त्याच्यावर जत्रा भरवायचे, ते काय पेट्रोलमुळं झालं? हवेत कार्बन डायऑक्साइड किती तर ०.०४ टक्के. त्यात पण समुद्र, झाडं, माती जे सोडतात त्याच्यापुढं माणसाचं किरकोळ. सूर्याचं कुणी नावच काढत नाही. आणि हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार असं यूएनच्या रिपोर्टात छापलं होतं, नंतर गपगुमान मागं घेतलं. असल्या लोकांच्या शब्दावर आपण फर्नेस बंद करायची का?

फिजिक्सवाली
पैलवानदादा, तुमचे मुद्दे नेहमीचे आहेत पण चांगले आहेत, वर्गातली पोरं पण हेच विचारतात. लांबलचक होईल, वाचा.

०.०४ टक्के हे खरं. पण उरलेल्या हवेत बहुतेक सगळा नायट्रोजन आणि ऑक्सिजन, आणि जमिनीवरनं परत जाणारी उष्णता हे दोघं अडवतच नाहीत. कार्बन डायऑक्साइड अडवतो, पाण्याची वाफ अडवते. हे टिंडलनं १८५९ ला प्रयोगशाळेत मोजून दाखवलं, आणि अर्हेनियसनं १८९६ ला कागदावर गणित मांडलं की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल. त्या काळात ना यूएन होतं ना सोलर पॅनेलचा धंदा, त्यामुळं ह्यात कुणाची चाल शोधायची ते तुम्हीच सांगा.

माणसाचं किरकोळ, हा मुद्दा ऐकायला एकदम पटतो आणि तिथंच लोक फसतात. पतसंस्थेतलं खातं धरा, महिन्याला एक लाख जमा होतात आणि एक लाखच निघतात, शिल्लक वर्षानुवर्षं तेवढीच. आता कुणीतरी दर महिन्याला चार हजार जास्तीचे टाकायला लागला आणि निघतात त्यातले दोनच हजार, तर शिल्लक वाढणार की नाही? लाखापुढं चार हजार किरकोळच की. निसर्ग सोडतो तेवढं परत घेतो, उलट आपण वर्षाला जे साधारण ४,००० कोटी टन टाकतो त्यातलं निम्म्याच्या आसपास तोच गिळतोय, उरलेलं हवेत साठतंय. कारखाने यायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइडचे दहा लाखात २८० भाग होते, १९५८ ला हवाईच्या मौना लोआ डोंगरावर कीलिंगनं मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या वर. हा जास्तीचा कार्बन कोळसा-तेलातलाच आहे हे पण कळतं, कारण जुन्या पुरलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ उरलेलाच नसतो आणि कार्बन-१३ कमी असतो, आणि हवेतलं प्रमाण नेमकं त्याच दिशेनं सरकत आलंय.

सूर्य. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, ती अकरा वर्षांच्या चक्रात थोडी वरखाली होते पण वाढत गेलेली नाही, तापमान मात्र वाढत गेलंय. आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा असा की सूर्यामुळं गरम होत असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. उष्णता खालीच अडकली तरच असं होतं. हिमयुगांचं म्हणाल तर ती पृथ्वीच्या कक्षेच्या आणि कलण्याच्या चक्रामुळं, त्याला हजारो वर्षं लागतात, इथं दीडशे वर्षांतला मामला आहे.

२०३५ ची चूक खरीच आहे, झाकायचं कारण नाही. २००७ च्या रिपोर्टात एका परिच्छेदात ते घुसलं, जानेवारी २०१० ला मागं घेतलं. पण पकडलं कुणी? हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. आणि तुमच्यासारखाच शंकेखोर एक अमेरिकन फिजिक्सवाला, रिचर्ड मुलर, म्हणाला ह्या लोकांच्या नोंदींवर माझा विश्वास नाही, मी सगळा डेटा नव्यानं तपासतो. तेलवाल्या कोक कुटुंबाच्या फाउंडेशननं पण त्याला पैसे दिले होते. २०१२ ला त्यानं जाहीर सांगितलं की तापमानवाढ खरी आहे आणि जवळपास सगळी माणसामुळं आहे. पैसे देणाऱ्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

मग वाद कशात आहे? कार्बन दुप्पट झाला तर नक्की किती अंश, ह्यात आहे. २०२१ च्या आयपीसीसी (यूएनची हवामान समिती) रिपोर्टात बहुधा अडीच ते चार, मधला अंदाज तीन. ढग कसे वागतील ह्याच्यावर भांडण आहे. आपल्या मान्सूनचं काय होणार ह्याच्यावर तर लई आहे. पण तापतंय का आणि कुणामुळं, हा वाद आता विज्ञानात नाही. शिरोलीचा दुसरा प्रश्न मात्र फिजिक्सचा नाहीच, आणि माझा अनुभव असा की ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झोंबतं तो पहिल्याशी भांडत बसतो. काकांचा राग बिलावर आहे, शिव्या मात्र थर्मामीटरला बसतायत.

पेठेतला पैलवान
मॅडम लिहिता चांगलं, पण मग हे सांगा. पूर आला की ग्लोबल वॉर्मिंग, जूनभर थेंब नाही पडला तरी ग्लोबल वॉर्मिंग. छापा पण तुमचा आणि काटा पण तुमचाच, असलं कसलं शास्त्र?

फिजिक्सवाली
दोन्ही एकाच कारणानं होऊ शकतं दादा. हवा एक अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते. म्हणजे पडायला वेळ लागतो आणि पडला की धो धो पडतो. केंद्र सरकारच्याच २०२० च्या अहवालात आहे, १९५१ ते २०१५ मध्ये देशातला मान्सूनचा एकूण पाऊस साधारण ६ टक्के घटला, पण मध्य भारतात दिवसाला १५० मिमीच्या वरच्या पावसाच्या घटना ७५ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. घटण्यामागं धूर-धुळीचा पण मोठा हात आहे, त्यामुळं पण भारत जगाच्या सरासरीपेक्षा कमी तापलाय, १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंश. हे काम बरंचसं आपल्या पुण्याच्या पाषाणच्या हवामान संस्थेतलं आहे, युरोपातलं नाही.

बंधारा निवृत्त
मंडळी, पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं म्हणून पुरापुरतं बोलतो, बाकीचं मॅडमनी सांगितलंच आहे.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात शाळकरी पोराला पण पाठ. २००५ चा पूर आम्ही आयुष्यातला सगळ्यात मोठा समजत होतो, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, प्रयाग चिखली आणि आंबेवाडी रिकामी करावी लागली, आणि दोनच वर्षांत २०२१ ला परत ५५ च्या वर. तेव्हा महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिमी पाऊस पडला. आमच्या डिझाइनच्या पुस्तकात असले आकडे क्वचित येणारे म्हणून धरलेले असतात. तर पाऊस बदललाय, ह्यात मला शंका नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, पाऊस पडतो डोंगरात आणि पूर येतो शहरात. मधे काय काय होतं ते बघा. पूररेषेचं घ्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येईल असा पूर, तिच्या आत बांधकाम बंद. लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदा येणारा, निळ्या आणि लालच्या मधे अटी घालून बांधकाम. ह्या रेषा काढतात कशावरनं? मागच्या पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदींवरनं. आता पाऊसच बदलला तर कालचा शंभर वर्षांचा पूर उद्या तीस वर्षांचा होईल का चाळीसचा, हे कुणी नव्यानं मोजायचं? आणि मोजलं तर रेषा शहराच्या आत सरकणार, म्हणजे किती प्लॉट, किती मंजूर लेआउट, किती लोकांचं कर्ज त्याच्यात येणार ते विचार करा. म्हणून हा विषय निघाला की बैठकीत सगळ्यांना एकदम चहा आठवतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातली अतिक्रमणं आणि अडथळे पण मांडले होते, अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नव्हतं. ते इकडं पुष्कळांना पटलेलं नाही, आणि कर्नाटकाला धरणाची उंची ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटरला न्यायचीय म्हटल्यावर पटणार पण नाही, ते मी समजू शकतो. शिरोलीकर, तुमची अट लक्षात आहे, इथंच थांबतो.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पूर्वी पूर आला की लोक विचारायचे, गेट कधी उघडलं, भराव कुणी टाकला, नाला कुणी बुजवला. आता माईक पुढं आला की साहेब सांगतात जागतिक हवामान बदल. झालं, विषय संपला. ढगावर गुन्हा नोंदवता येत नाही, बुलडोझर पण चालवता येत नाही. हवामान बदल खरा आहे आणि तो सोयीचा पण आहे, हे दोन्ही एकदम खरं असू शकतं. काका पुराच्या वेळी हवामानाला दोष देतात तो ह्या साहेबांकडनंच शिकले असतील.

शिरोळचा ऊस
सर एक नंबर बोललात. आमच्या गावात पाणी आलं की दोन नद्यांचं येतं, कृष्णा पण आणि पंचगंगा पण, त्यामुळं आमाला कारण कुठलंबी सांगा ऊस कुजायचा तो कुजतोच.

मी एमपीएससी करतोय म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं थोडं सांगतो, पाठच आहे. १९९२ च्या रिओ करारातच लिहिलंय, जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही. म्हणजे काकांचं निम्मं बरोबर आहे. आजवर जगात जेवढा कार्बन सुटला त्यातला पाव भाग एकट्या अमेरिकेचा. आज वर्षाला माणशी अमेरिका १४ टनाच्या आसपास, चीन ८, आपण २. पण देश म्हणून आपण तिसऱ्या नंबरला, चीन अमेरिका आणि मग आपण, त्यामुळं आमचं काय एवढुसं असं पण म्हणता येत नाही. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर गरीब देशांना देऊ, ते वेळेत दिले नाहीत. २०२४ ला बाकूत ३०० अब्ज म्हणाले आणि ते पण २०३५ पर्यंत, तेव्हा भारतानं तिथंच उभं राहून हे मान्य नाही म्हणून सांगितलं. ग्लासगोला २०२१ ला आपण २०७० चं नेट झिरो (जेवढा कार्बन सोडू तेवढा परत शोषायचा) जाहीर केलं आणि त्याच परिषदेत कोळसा बंद करणारच्या जागी कमी करत नेणार असा शब्द घालून घेतला, त्याच्यावरनं बाहेर लई शिव्या खाल्ल्या, पण गॅस आणि तेलाबद्दल तसा शब्द का नव्हता हे कुणी विचारलं नाही कारण ते त्यांचं आहे ना.

मिथेनचं तर अजून मजेशीर. गुरं रवंथ करतात त्यातनं मिथेन येतो, भाताच्या खाचरातनं येतो. २०२१ ला एक जागतिक मिथेन करार झाला त्याच्यावर भारतानं सही केली नाही आणि माझ्या मते बरोबर केलं. दोन म्हशींवर ज्या बाईचं घर चालतं तिच्या म्हशीचा ढेकर आणि विमानानं वीकेंडला फिरायला जाणाऱ्याचा धूर एका तराजूत घालणार का? १९९१ ला दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण ह्यांनी हेच मांडलं होतं, पोटासाठीचं वेगळं आणि चैनीचं वेगळं.

पण एक सांगतो, रागावू नका. आमच्याकडं शेतीपंपाला रात्री वीज यायची, त्याच्यावरनं आंदोलनं झाली, दिवसा वीज द्या म्हणून. रात्री पाण्याला गेलं की साप, थंडी, नि कुठं गवा. आता सोलर फीडरनं दिवसा वीज यायला लागली की कोण शेतकरी विचारणार आहे हे ग्लोबल वॉर्मिंगसाठी आहे का म्हणून? आमाला दिवसा पाहिजे, एवढंच. पाचटाचं पण तसंच, जाळू नका पृथ्वी तापते म्हणून सांगितलं तर कुणी ऐकत नाही, कुट्टी करून सरीत टाका पाणी कमी लागतंय आणि जमीन भुसभुशीत राहती म्हटलं की चार जण करतात, पाचवा त्यांचं बघून करतो.

गोकुळ शिरगाव एक्स्पोर्ट
शिरोली, तुमच्या शीटकडं कुणीच वळलं नाही म्हणून लिहितो, आमच्याकडं ह्याच कामाला एक माणूस बसवलाय.

ही भानगड युरोपच्या सीबॅमची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या कार्बन आकारणीची आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता हिशोब द्यायचा होता, जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी सुरू. पैसे तुम्ही भरत नाही, तिकडचा आयातदार भरतो, पण तो ते दरातनं तुमच्याकडनंच काढणार हे काय सांगायला नको. आधी तुमच्या मालाचा कस्टम्सचा कोड बघा. ७३०७ म्हणजे पाइप फिटिंग, हे यादीत आहे. ७३२५ खालचं साधं कास्टिंग आत्ता यादीत नाही. मशिनचे आणि गाडीचे पार्ट आत्ता नाहीत, पण तयार माल पण घ्यायचा प्रस्ताव युरोपियन कमिशननं डिसेंबर २०२५ ला ठेवलाय, त्यामुळं निवांत बसू नका. आयातदार वर्षाला ह्या मालाचा मिळून ५० टनाच्या आत असेल तर त्याला सूट आहे.

आता शीटमध्ये पिग आयर्न कुठलं असं का विचारलंय? लोखंड-पोलादात सध्या फक्त थेट जळणाचा कार्बन धरतात आणि कच्च्या मालात आलेला. तुमच्या इंडक्शनची वीज त्यात नाही. ब्लास्ट फर्नेसचं लोखंड म्हणजे टनामागं जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊन येतं, आणि स्क्रॅप शून्य धरतात. म्हणजे तुमचा सगळा खेळ पिग आणि स्क्रॅपच्या चार्ज मिक्सवर, म्हणजे भट्टीत दोन्ही किती टाकता त्याच्यावर आहे. ते रजिस्टर तुमच्याकडं असणारच, हीट नंबरप्रमाणं. तेच भरायचं. विजेचा आकडा कस्टमर त्याच्या स्वतःच्या हिशोबासाठी विचारत असेल, तो पण बिलावरनं भरून टाका, ग्रिडच्या एका युनिटला ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. शीट रिकामी पाठवली तर मात्र ते ठोक आकडा लावतात आणि तो आपल्याला कधीच परवडत नाही.

काकांसाठी एक मुद्दा. इथं भारतात कार्बनची किंमत भरली असेल तर ती तिकडच्या बिलातनं वजा होते. आपल्या सरकारनं २०२३ ला कार्बन ट्रेडिंगची योजना काढली, तिच्यामागं हे पण गणित आहे, पैसे द्यायचेच तर ब्रसेल्सला का, दिल्लीला द्या. सीबॅम अन्यायाचं आहे का? माझ्या मते हो, दोन टनवाल्यानं आणि चौदा टनवाल्यानं एकाच खिडकीवर पैसे भरायचे हे रिओच्या शब्दात बसत नाही, आणि भारत ते सगळीकडं बोलतोय पण. पण अन्याय आहे म्हणून फिजिक्स खोटं, ही उडी मला पटत नाही.

पेठेतला पैलवान
दोन टन चौदा टनाचं मान्य. पण मग कुपोलावाल्यांचं काय? उद्यमनगरात अजून कोकवर चालवणारे असतील तर ते मेले म्हणायचे.

गोकुळ शिरगाव एक्स्पोर्ट
कोकचा कार्बन थेट जळणात धरला जातो, त्यामुळं यादीतला माल युरोपला जात असेल तर त्यांना जास्त बसणार. पण लोकल पंप, मोटरच्या बॉडी ओतणाऱ्याला आत्ता ह्याचा संबंध नाही. त्याला त्रास होणार कोकच्या भावाचा, तो आधीपासून होतोयच.

शिरोली फौंड्री
सगळ्यांचे आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. काकांना फिजिक्सवाली मॅडमचं मोठं उत्तर वाचून दाखवलं, स्ट्रॅटोस्फिअरपाशी म्हणाले थांब, परत वाच. मग म्हणाले असेल खरं, पण मुलरला पैसे कुणी दिले ते नीट बघ. शिरोळकरांचं मात्र दोनदा वाचायला लावलं आणि चौदा टनाचा आकडा डायरीत लिहून घेतला, आता असोसिएशनच्या मीटिंगमध्ये तो ऐकावा लागणार.

कोड बघितला, एक पार्ट ७३२५ आणि दोन पार्ट ७३०७ मध्ये निघतायत. एक्स्पोर्टवाले साहेब, स्क्रॅपमध्ये आमचंच रायझर-रनरचं रिटर्न (साच्याच्या वाटांत उरलेलं लोखंड) परत वितळवतो ते स्क्रॅप धरायचं का वेगळं दाखवायचं? आणि बंधारा सर, शिरोलीच्या आमच्या बाजूची निळी रेषा कुठनं जाते तो नकाशा नक्की कुठल्या ऑफिसात बघायला मिळेल, शेजारच्या प्लॉटवर भराव टाकायला सुरुवात झालीय.